सेल्फचा आवाज

अठ्ठ्याऐंशी साली कामतघरच्या बसस्टॉपपुढे कोंडूचा जुना ट्रक सुरूच होईना. रांगेतली द्रौपदी आपली बस विसरून त्याचं आणि पुढे उभ्या रशिदाभाभींचं बोलणं ऐकू लागली.

"शेलार गावाला वऱ्हाड ताटकळलंय, आन् सेल्फ नुसता टक् करतोय!"

"हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट मंद होते?"

"न्हाय, झगझगीत हाय!"

"मग बॅटरी चांगली आहे. इंजिनची अर्थिंगची वायर बघा."

"पार गंजलीय की, भाभी!"

"घासा, घट्ट आवळा. आता मारा!"

ट्रक धडधडत सुरू झाला. द्रौपदीने टाळ्याच वाजवल्या.

"कुठं शिकलात?"

"अब्बांचं गॅरेज घराला लागून होतं. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं."

"आजवर किती गाड्या चालू केल्यात?"

"ही पहिलीच!"