शिडाची दोरी

हासा लेको, पण होडीत माही काहीच चूक नव्हती.

कारंज्याचे व्यापारी करीमभाई तंबाखू आणाले गोदावरी समुद्राले मिळते तिकडे निघाले, तं मीही संगं गेलो. तिकडे कालव्यातून, तळ्यातून शिडाच्या होड्या चालतात. आमच्या होडीवाल्याचा गडी तापानं पडला, म्हणून त्यानं शिडाची दोरी माह्या हातात देली. करीमभाई म्हणे, "तू रोज बैल हाकतं, तुले हे काय जड हाय?"

समोरून मडक्यांनी भरलेली होडी आली. आपली थांबवाची म्हणून मी कासरा वढतो तशी दोरी वढली. तं शीड फुगलं अन् होडी सुसाट सुटली.

करीमभाई वरडले, "अबे सोड दोरी, सोडली का थांबते."

तोवर सारी मडकी फुटली.

आता सांगा, सोडल्यावर थांबते असं काही असते काय? पण होडीवाला मुक्कामापर्यंत मले तेच शिकवून राह्यला. थांबवाचं असलं का सोड. सोड. हाताले सवयच लागली.

घरी आल्यावर शेलूबाजारात माहे बैल बुजले. हातानं आपोआप कासरा सोडला. बैल गाडीसकट भजेवाल्याच्या दुकानात.

सारा बाजार मलेच विचारते, "काहून सोडला?" त्या होडीवाल्याले कोणी विचारत नाही.