बाटलीतला फेस

माझा जन्म अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला, आई घरात कन्नड बोलायची आणि बाप मराठीत शिव्या द्यायचा, त्यामुळं मला दोन्ही भाषा येतात पण नीट कुठलीच न्हाई. अठराव्या वर्षी सोलापुरात आलो आणि टॉवेलच्या सुताला रंग देतात त्या रंगखान्यात लागलो. तिथले उस्ताद रंगाचं नंतर बोलायचे, आधी म्हणायचे, मियाँ, पैले पानी देखो. जड पाण्यात रंग सुतावर सारखा बसत न्हाई की, डाग धरतो. मग पाणी बघायचं कसं, तर काचेच्या बाटलीत घ्यायचं, धुण्याच्या साबणाचा चुरा टाकायचा आणि हलवायचं. फेस वर चढला तर पाणी हलकं, आणि नासक्या दुधासारख्या गाठी झाल्या तर जड. एवढीच माझी विद्या, आणि काय सांगू तुम्हाला, एवढ्याशा विद्येचा मी लई माज केला.

पुढं शहराला नव्यानं जोडलेल्या हद्दवाढ भागात घर बांधलं. तिकडं नळ नव्हता, सगळी बोअरवर. बोअरचं पाणी म्हणजे मचूळ, तोंडात धरवत न्हाई, बादलीला पांढरा थर, तुरीची डाळ दहा शिट्ट्या केल्या तरी दातात करकर करती. माझे केस पण त्या पाण्यानंच गेले असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि आमची मंडळी आतून म्हणायची, अवो, लग्नातच टोपी घालून उभे होता की. पण गल्लीतल्या बायका नवीन बोअर मारला की बाटली घेऊन माझ्याकडं यायच्या, अण्णा, बघा की जरा. मी चष्मा लावायचो, बाटली उजेडाला धरायचो, आणि डॉक्टरसारखी मान हलवायचो. काय बघत होतो ते मला पण माहीत नव्हतं.

मग एकदाची नळाची लाईन आली. पहिलं पाणी दुपारी सुटलं, गल्लीत दिवाळीसारखं झालं, पिंप, कळशी, घंगाळ, अगदी पुरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलं लोकांनी. कारण आता आलेलं पाणी परत पाच दिवसांनी येणार, हे सोलापूरच्या माणसाला सांगावं लागत न्हाई. सगळ्या बायका माझ्या दारात. मी बाटली हलवली, आणि फेस असा चढला बगा, पार बुचापर्यंत. मी म्हणलं, अमृत हाय, प्या बिनधास्त. माझी सून सविता मागं उभी होती, हळूच म्हणाली, मामा, पहिलं पाणी हाय, उकळून घेऊ का, मला जरा वास येतोय. मी चारचौघांत तिला म्हणलं, नव्या पाइपाचा वास असतो तो, मी पाण्यात जन्म काढलाय. आणि माझी नात, मुक्ता, अडीच वर्षांची, तिला मांडीवर घेऊन पहिला पेला माझ्या हातानं पाजला. हे विसरू म्हणलं तरी विसरता येत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरीला उलट्या आणि जुलाब. दुपारपर्यंत डोळे आत गेले, रडायची पण पाणी यायचं न्हाई डोळ्यातून. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज कडक. पाणी कुठलं पाजलंत? सविता माझ्याकडं बघेना, तेच मला जास्त लागलं. मीच म्हणलं, नळाचं, मी पाजलं, बाटलीत फेस बघून. त्या म्हणाल्या, काका, फेसावरून पाणी जड का हलकं ते कळतं, त्यात गटार मिसळलंय का ते कळत न्हाई. आणखी कोण प्यालंय? मी घरं मोजायला लागलो आणि शेजारच्या कमळाकाकूंच्या घरावर अडलो, त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, नववा महिना.

मोटारसायकल काढली आणि गल्लीत गेलो. दारोदार सांगत सुटलो, पिऊ नका, ओता ते. कमळाकाकू पिंपाला पाठ लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काल अमृत म्हणालास, आज ओत म्हणतोस, तुझी बाटली फिरली का डोकं फिरलं? पाच दिवस मी परत बोअरचं मचूळ पिऊ, का तुझा फेस? भरलेलं पाणी मी जन्मात ओतलं न्हाई. मी म्हणलं, काकू, दोन्ही फिरलंय, पण लेक प्याली का ते सांगा. लेकच आतून म्हणाली, न्हाई अण्णा, मला लहानपणापासून मचुळाची सवय, ते गोड पाणी घशाखाली उतरंना. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

तरी काकू हटेनात. मग मी माझ्या घरातलं पिंप ओढत बाहेर आणलं आणि त्यांच्यासमोर रस्त्यात आडवं केलं. भळाभळा पाणी गेलं. सोलापुरात असं पाणी सांडताना बघितलं की माणूस आधी शिव्या देतो. काकूंनी पदर खोचला आणि पिंपाला हात घातला, म्हणाल्या, धर की दुसरीकडनं, बघत काय बसलायस. मग एकेक घरातनं कळश्या बाहेर आल्या.

परत दवाखान्यात आलो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळपासून लघवी न्हाई, ती झाली की मला लगेच सांगा. बस, मग आमी तिघं त्या एका गोष्टीसाठी बसलो. मंडळी देवाचं नाव घेत होती, सविता भिंतीकडं बघत होती, बाटलीतनं थेंब पडत होते. सविता उठली आणि पोरगी माझ्या मांडीवर दिली, नळी सांभाळा म्हणाली. किती वेळ गेला माहीत न्हाई. एकदम मांडीला ऊन ऊन लागलं. माझी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, आणि मी छप्पन वर्षांचा माणूस वॉर्डात ओरडलो, झाली, झाली, अवो झाली! सविता हसली आणि मग जी रडायला लागली ती थांबेना.

पुढं महापालिकेनं रस्ता खोदला तर लाईन गटाराच्या कडेनं फुटलेली सापडली, ती जोडून दिली. मुक्ता आता शाळेत जाती, मलाच दटावती. बायका अजून कधी बाटली घेऊन येतात, मी सांगतो, मला फेस कळतो, पाणी न्हाई, उकळून प्या. सविता त्या दिवसाबद्दल मला कधी वाकडं बोलली न्हाई. नळ आला की पाणी उकळती, निववती, आणि पहिला पेला माझ्यापुढं ठेवती, मामा, आधी तुमी. मी पितो. मुक्ताला ते दुसऱ्या दिवशी मिळतं, मी धडधाकट उठलो की मग. ही नोकरी मीच मागून घेतली. रोज उठतोय तोवर बरं चाललंय म्हणायचं, तुमची पण लेकरं सुखात राहू देत.