बोर्डाखालची जागा

(हिंगोली जिल्हा, साखऱ्याजवळचा तांडा. रस्त्याकडेला चंदाबाईचं वावर. फोटोग्राफर अपर्णा शहरातून दुसऱ्यांदा आली आहे.)

चंदाबाई : खोटं कशाला बोलू ताई, माझा बी हिशोब होता. फोटो पेपरात आला की वरचा जाहिरातीचा बोर्ड दिसंल, बोर्ड दिसला की कंपनीवाला खूश हुईल, अन खूश झाला की जागेचं भाडं वाढवंल. उगं उन्हात उभी राहिले व्हय?

अपर्णा : जागेचं भाडं? म्हणजे तो बोर्ड तुमच्या शेतात होता?

चंदाबाई : मंग कुनाच्या?

अपर्णा : तेव्हा बोलला नाहीत ते.

चंदाबाई : तुमी इचारलं कुठं? पानी किती लांबून आनता म्हनलात, सांगितलं. चपला काढा म्हनलात, काढल्या.

अपर्णा : वर बोर्डावर पोहण्याचा तलाव असलेले फ्लॅट, खाली डोक्यावर हंडा घेऊन तुम्ही. परीक्षकांना तेच भिडलं. पहिलं बक्षीस मिळालं, मावशी. तेच सांगायला आले, तर इथे बोर्डाच्या खांबांचे नुसते खड्डे.

चंदाबाई : नांदेडहून कंपनीचा मानूस आला होता. फोनमधी तुमचा फोटो दाखवून म्हने, बाई, आमची पार इज्जत गेली. म्या म्हनलं, काहून? बोर्ड तर किती साजरा दिसून राहिला. त्यो म्हने, बोर्ड साजराच हाय, तकलीफ तुमची हाय.

अपर्णा : असं तोंडावर म्हणाला?

चंदाबाई : हसत म्हनला बिचारा. अन बोर्ड नेला उत्तमरावाच्या वावरात, पंपाशेजारी. मागं त्यायचा बंगला हाय ना. चुकून फोटोत आला तरी बोर्डाला शोभंल.

अपर्णा : म्हणजे भाडं आता त्यांना.

चंदाबाई : काल पेढे देऊन गेले. तुमाला बी ठिवलाय एक.

अपर्णा : त्या भाड्यावर तुमचं काय चालायचं, मावशी?

चंदाबाई : आमची लेक निलम हिंगोलीत नर्सिंग शिकून राहिली. तिचं हॉस्टेल.

अपर्णा : रागावली असेल माझ्यावर.

चंदाबाई : न्हाई वो. फोटो तिनं फोनवर लावलाय. म्हनते, याडी, तू हिरोइनवानी दिसून राहिली. आमच्यात आईला याडी म्हनत्यात.

अपर्णा : बक्षिसाचे पैसे आले की हॉस्टेलचे मी भरते.

चंदाबाई : भरा. नको म्हनायची ऐपत न्हाई माझी.

अपर्णा : पण ते याच वर्षापुरते होतील. पुढच्या वर्षीचं कोण भरणार?

चंदाबाई : निलमच भरंल की. हॉस्टेल सोडून पहाटंच्या एसटीनं कॉलेजला जाईल, अंधार पडल्यावर घरी येईल.