आईनं बापाला मारलं तो दिवस

माझी आई किती शांत होती, असं तुमी म्हणता ना, मग हे ऐका. अठ्ठेचाळीस सालची धामधूम होती, गावोगाव जाळपोळ अन् कापाकापी चालली होती. कुरुंद्याहून वसमतला निघालेला माझा बाप वाटेत मारला गेला, असा सांगावा आला. घरात रडारड सुरू झाली, पण आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं न्हाई. ती जात्यावर बसली अन् तीन दिवस नुसती ज्वारी दळत राहिली. शेजारची फातिमाबी आजीला म्हणाली, "हिला रडवा, न्हाईतर येडी व्हईल."

चौथ्या दिवशी दुपारी बाप दारात उभा. जीव वाचवायला तो हळदीच्या रानात लपून बसला होता. सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली माझी आई उठली, सरळ त्याच्यापाशी गेली अन् तिनं त्याच्या थोबाडीत मारली. आजोबा काठी घेऊन उठले. बापानंच त्यांना अडवलं अन् गालावर हात ठेवून आईला विचारलं, "काहून मारलं?"

तेव्हा कुठं आई रडायला लागली. म्हणाली, "तुमी खरंच हाव का, ते पाहून राहिले व्हते."