काडी उपटलेलं शेण

(तापीचं वाळवंट. उन्हाळ्यातली सकाळ.)

मगनभाई : हा बघ, आणखी एक! हरभऱ्याएवढा जीव, आणि बोराएवढी गोळी लोटतोय. तीही मागच्या पायांनी! परवापासून निम्मं शेण या किड्यांनी वाळूत पुरलं, सिंधुबाई.

सिंधुबाई : पुरू द्या. ह्या शेणवरनी काडी उपटेल शे, हाई त्यासले कोनी सांगं नही ना.

मगनभाई : पुन्हा काडी! गायी शांतीलालशेठच्या, मी त्यांचा कारभारी. शेण आमचं.

सिंधुबाई : गायी त्यासन्या. वाळवंट तापीमायनं. आन् शेणना पो दिसना का जी बाई पहिले त्यामां काडी खोसी, तिन्हं शेण. मन्ही सासू बी असंच करे. तुमी काड्या उपट्यात, मन्ही चूल थंडी व्हयनी.

मगनभाई : खतासाठी उपटल्या. ब्लॉकचे साहेब जीप घेऊन खड्डा बघायला यायचेत, आणि खड्ड्यात मूठभर शेण नाही. आमच्या शेतावरच्या बायकासुद्धा हात लावेनात!

सिंधुबाई : दुसरीनी काडी उपटेल शेण कोन उचली? चोरीनं ते.

मगनभाई : म्हसावदहून बायका आणतो.

सिंधुबाई : आना ना. मन्ही नणंद तठेच ऱ्हास. तठे बी काडी म्हंजे काडीच.

मगनभाई : मग या किड्यांवर औषध मारतो.

सिंधुबाई : मारा. मंग तं उचलनारं कोनीच ऱ्हावाव नही.

मगनभाई : हसतेस काय? किड्याला फुकट वाटा, आणि मालकाला नाही?

सिंधुबाई : तो सोता लोटीसन लई जास, मगनभाई. ह्या ऊनमां. शेठले सांगा, या लोटाले.

मगनभाई : तोंड सांभाळ! उद्यापासून नदीवर पाऊल ठेवू देणार नाही.

सिंधुबाई : पानी भराले बी नही? सांगी तं पहा गावले.

मगनभाई : ...बरं. निम्मं खड्ड्याला, निम्मं तुम्हा बायकांना. मग उचलाल?

सिंधुबाई : निम्मं-बिम्मं मंग पाहसूत. पहिले काड्या परत खोसा.

मगनभाई : मी?

सिंधुबाई : तुमीच उपट्यात ना?

मगनभाई : त्या सगळ्या बायका तिकडे थडीवर बसून बघताहेत!

सिंधुबाई : उपट्यात तवय बी तठेच बठेल व्हत्यात.

मगनभाई : अगं, पण कुठला पो कुणाचा, मला काय ठाऊक?

सिंधुबाई : इचारा ना. एकेकीनं नाव लईसन.