जिच्या नावाने विमा होता

मेहुणा : भाडेकरूचे पाय गेले म्हणजे? मोडले, की गेले?

घरमालक : गेले. आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं. कमरेखाली त्याला काही कळत नाही.

मेहुणा : आणि तो बस चालवायचा.

घरमालक : हो. बसच चालवायचा.

मेहुणा : पडला कसा ते नीट सांगा, भाऊजी. मेहुणा म्हणून नाही, विमा एजंट म्हणून विचारतोय.

घरमालक : मागच्या जिन्यानं उतरत होता. कठड्याला हात लावला, तर कठडा भिंतीतून निघून आला. त्याच्यासकट खाली फरशीवर.

मेहुणा : असा एकदम कसा निघाला?

घरमालक : एकदम नाही. हलत होता. त्याच्या बायकोनं दोनदा येऊन सांगितलं होतं मला.

मेहुणा : हे कुणासमोर बोलू नका.

घरमालक : का? विमा त्यासाठीच काढलाय ना? तूच म्हणाला होतास, आपल्या घरात भाडेकरूला काही झालं की आपल्या गळ्याशी येतं.

मेहुणा : ताईला म्हणालो होतो. तुम्ही तेव्हा पेपर वाचत होता.

घरमालक : ती गेल्यावरही एक हप्ता चुकवलेला नाही मी.

मेहुणा : पण पॉलिसी अजून ताईच्याच नावावर आहे.

घरमालक : असेल.

मेहुणा : असेल काय? घर तुमच्या नावावर करायला गेलो, तेव्हाच म्हणालो होतो, विम्याचंही नाव बदलून घ्या. एक अर्ज आणि तिच्या मृत्यूचा दाखला, बस. तुम्ही म्हणालात, बघतो.

घरमालक : हप्त्याची वेळ आली की त्या ऑफिसातून एक मुलगी फोन करते. मॅडम आहेत का, म्हणते. मी म्हणतो, जरा बाहेर गेल्यात, निरोप सांगतो.

मेहुणा : भाऊजी...

घरमालक : आता दुसरं कोण विचारतं तिला? तू तरी विचारतोस?

मेहुणा : माझी बहीण होती ती.

घरमालक : म्हणून तर तुला सांगतोय. दुसरा म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

मेहुणा : कंपनी तसं काही म्हणणार नाही. कंपनी एवढंच म्हणेल, जिचा विमा आहे ती बाई हयात नाही आणि ज्याचं घर आहे त्याचा विमा नाही. झालं.

घरमालक : मग त्या माणसाचं काय?

मेहुणा : ते कोर्टात गेले तर हे घर जाईल. आणि ताई गेलेली मला माहीत असून मी गप्प बसलो, म्हणून माझं लायसन्सही जाईल. तेव्हा ऐका. कठडा ठणठणीत होता. त्याचा तोल गेला. एवढंच बोलायचं.

घरमालक : तुझी ताई असती तर कानाखाली दिली असती तुझ्या.

मेहुणा : ताई असती तर कठडा दुसऱ्याच दिवशी बसला असता.

घरमालक : ते खरं आहे.

(भाडेकरूची बायको हातात पिशवी घेऊन दारात येते.)

बायको : काका, वरची किल्ली ठेवून जाते. मी आता दवाखान्यातच राहीन.

घरमालक : ये. बस जरा.

बायको : नको, बसले की उठवत नाही. काका, एक विचारू? शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणत होत्या, घरमालकांचा विमा असतो, अशा वेळी उपयोगी पडतो. तुमचा आहे का?

मेहुणा : वहिनी, त्याचं कसं असतं...

बायको : हे कोण?

घरमालक : माझा मेहुणा. विम्याचंच काम करतो.

बायको : मग बरंच झालं. आमचे हे सारखे विचारतायत, कठडा उपटला म्हणून काका रागावले का. म्हणतात, घरी आलो की मीच बसवून देईन.

घरमालक : तू मला सांगितलं होतंस, कठडा हलतोय म्हणून. मी ऐकून घेतलं आणि केलं काहीच नाही. चूक माझी आहे.

मेहुणा : भाऊजी, पुरे.

घरमालक : विमा होता, पण माझ्या बायकोच्या नावावर. ती गेल्याचं मी कळवलंच नाही. त्यामुळे तो मिळायचा नाही. हे घर मात्र माझं आहे. ते विकेन.

मेहुणा : आणि राहणार कुठे?

घरमालक : कुठल्या तरी खोलीत. भाड्यानं.

बायको : घराचं, विम्याचं मला आत्ता काही सुचत नाही, काका. मी निघते.

घरमालक : थांब, मीही येतो. त्याला माझ्या तोंडानं सांगतो.

बायको : या. पण आधी कठड्याचंच बोला. पायांचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.