संयोगिताकाकूंचं नाक

...आणि वर म्हणतात, "तुझं नाक वाढलंय." आता काय बोलावं या माणसाला? तुम्हाला सांगतो, शहराच्या हरणी भागात आमच्या समोरच्या दारात राहतात ते उदयसिंहराव आणि त्यांची बायको संयोगिताकाकू. काकू चार दिवस घसा फोडून सांगतायत, स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय, आणि काका दोनदा हुंगतात, पुन्हा पेपरात डोकं... "मला नाही येत. म्हणजे नाहीच."

मला नाही येत म्हणजे नाहीच! हा कुठला न्याय?

वरच्या मजल्यावरच्या गुजराती हसमुखभाईंना बोलावलं. तोंडात तंबाखू-मसाल्याचा तोबरा, त्या माणसाला काय डोंबल वास येणार? म्हणाले, "काकी, कशुं नथी. वहेम छे." झालं, काकांना साक्षीदार मिळाला.

रविवारी जुन्या शहरातल्या घडियाळी पोळातून काकांचा भाऊ गजेंद्र सहकुटुंब सेव-उसळ खायला आला. काकूंनी शेगडीच पेटवली नव्हती. काका खवळले. "माणसं उपाशी जाणार? थांब, पेटवूनच दाखवतो." आणि घेतला की हो लायटर हातात! काकूंनी तो हिसकावला, गॅलरीतून खाली भिरकावला आणि सगळ्यांना अनवाणी जिन्यात काढलं. गजेंद्रची बायको पुटपुटली, "जेवायला घालायचं नाही म्हणून सांगायचं ना सरळ..."

गॅसवाला आला. ओट्यामागच्या पाइपाशी गळती शोधायचं यंत्र नेलं, ते बोंबलायलाच लागलं. काकू एवढंच म्हणाल्या, "पेटवा आता."

मग त्यांची भाची यशश्री, बायोटेक शिकते, तिनं समजावलं. वास ओळखणारी जीन्स माणसात चारेकशे असतात, पण प्रत्येकात सगळीच धड नसतात. "काकांच्या नाकाला हा एकच वास कळत नसेल." झालं, काका खूश. "बघ, माझी चूक नाही. जीन्सची आहे." काकू उसळल्या, "आणि मला वेडी ठरवलंत, तेही जीन्सनीच का?"

काकांच्या "मला नाही येत"ला माना डोलावणारी आमची सोसायटी, तिला आता उठल्याबसल्या वास येतो. "काकी, जरा सूंघी जाओ ने." परवा काकू तीन मजले चढून हसमुखभाईंकडे गेल्या, कोपरान् कोपरा हुंगला, म्हणाल्या, "काही नाही हो." तर हसमुखभाई म्हणतात कसे, "पण अमने तो आवे छे. काकी, तमने शरदी थई लागे छे."

काकू वाद घालायच्या थांबल्यात. म्हणाल्या, "हो भाई, झाली असेल सर्दी," आणि जिना उतरल्या.